मायरन वीनर यांचा अभ्यासप्रवास : पक्षसंघटनेपासून शिक्षणसक्तीपर्यंत

राज्यशास्त्राच्या एका अभ्यासकाच्या कार्याचा परामर्श भाषाशास्त्राच्या अध्यापकाने का घ्यावा, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रारंभीच दिलेले बरे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ मायरन वीनर (१९३१-१९९९) यांनी आपल्या आयुष्याच्या उत्तरकाळात भारतातील बालमजुरी आणि प्राथमिक शिक्षण यांविषयीच्या शासकीय धोरणावर एक ग्रंथ लिहिला. ‘द चाइल्ड अँड द स्टेट इन इंडिया’ हे त्याचे नाव असून तो १९९१ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने प्रसिद्ध केला. या ग्रंथातील दोन प्रकरणे संवादांची आहेत. सरकारी अधिकारी, शिक्षणतज्ज्ञ, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, समाजसेवक यांना प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे वाचकांसमोर ठेवावीत, ही पद्धत वीनर यांनी तेथे अवलंबिली आहे. धोरण का फसले याचा पुरावा त्यांनी अंदाजपत्रकाच्या आकड्यांपेक्षा धोरणकर्त्यांच्या बोलण्यात अधिक शोधला. ज्या ग्रंथाचा मुख्य पुरावा माणसांचे बोलणे हा आहे, त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करणे अप्रस्तुत ठरू नये.

वीनर या ग्रंथापर्यंत कसे पोहोचले, त्यांचा निष्कर्ष कोणता, आणि त्यांच्या मृत्यूनंतरच्या घटनांनी त्या निष्कर्षाचा किती भाग खरा ठरविला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

वीनर यांचा जन्म न्यूयॉर्क शहरातला. तेथील सिटी कॉलेजातून १९५१ साली पदवी घेतल्यावर ते प्रिन्स्टन विद्यापीठात गेले आणि १९५५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. १९५३ साली ते प्रथम भारतात आले. त्या वेळी पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच पार पडली होती. काँग्रेसला बहुमत मिळाले होते आणि विरोधी पक्ष विखुरलेले होते. हे पक्ष एकत्र का येत नाहीत, आणि आले तर टिकत का नाहीत, हा प्रश्न घेऊन त्यांनी पहिला ग्रंथ लिहिला. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. पुढे काही वर्षे शिकागो विद्यापीठात अध्यापन करून ते १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत दाखल झाले आणि अखेरपर्यंत त्याच संस्थेत राहिले.

दुसरा महत्त्वाचा ग्रंथ १९६२ चा. त्याचा विषय टंचाईचे राजकारण हा होता. साधने अपुरी असलेल्या देशात जाती, भाषिक गट, कामगार, व्यापारी, शेतकरी आणि विद्यार्थी हे सर्व संघटित होऊन मागण्या करू लागले, तर लोकशाही शासन त्यांना कसे तोंड देणार? त्या काळी अनेक विचारवंतांना या मागण्या म्हणजे राष्ट्रावरील संकट वाटत असे. वीनर यांना तसे वाटले नाही. मागण्या करणारे गट शासनाने शत्रू मानू नयेत, त्यांच्याशी व्यवहार करावयास शिकावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तिसरा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात मराठी वाचकांस विशेष जिव्हाळ्याचे असे एक स्थळ आहे. काँग्रेस पक्ष स्थानिक पातळीवर कसा टिकून राहिला हे पाहण्यासाठी वीनर यांनी पाच ठिकाणे निवडली : गुजरातेतील खेडा, आंध्रातील गुंटूर, तमिळ प्रदेशातील मदुराई, कलकत्ता, आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील बेळगाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते, आणि सीमाप्रश्नाची धग तेथे त्या काळी कायम होती. या पाच ठिकाणांच्या अभ्यासातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, पक्षाचा कार्यकर्ता हा सामान्य माणूस आणि कचेरी यांच्यामधला दुवा असतो. अर्ज लिहून देणे, मामलेदाराकडे शब्द टाकणे, विहिरीच्या कर्जासाठी खेटे घालणे अशा सेवेतून पक्षाला मुळे फुटतात.

यानंतर स्थलांतर आणि भूमिपुत्रांचे प्रश्न यांकडे ते वळले. आसाम, छोटा नागपूर आणि हैदराबाद येथील परिस्थितीवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९७८ साली निघाला. १९८१ मध्ये मेरी कॅट्झेनस्टाइन यांच्यासह त्यांनी भारतातील प्राधान्य-धोरणांचा, म्हणजे नोकऱ्या व शिक्षण यांत विशिष्ट गटांना अग्रक्रम देणाऱ्या धोरणांचा, विचार केला. अशा रीतीने पक्षांच्या अभ्यासापासून ते हळूहळू शासन कोणाला काय देते या प्रश्नाच्या अभ्यासापर्यंत आले.

या सर्व लेखनात एक समान गृहीत दिसते. ज्याला काही हवे आहे तो मागतो. मागणारे एकत्र येतात. शासन त्यांना काही देते किंवा नाकारते. विरोधी पक्ष, भाषिक गट, बेळगावचा अर्जदार, आसामातील सुशिक्षित तरुण, हे सारे बोलणारे लोक आहेत. पण आगपेटीच्या कारखान्यात काड्या भरणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला पक्ष नाही, संघटना नाही, मतही नाही. तिच्या वतीने कोणी मोर्चा काढीत नाही. मागणीच्या मार्गाने तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून वीनर यांना शोधाची दिशा उलटी करावी लागली आणि ते देणाऱ्याच्या मनाकडे वळले, असे मला वाटते. त्यांच्या कारकीर्दीतील हे वळण त्यांनी स्वतः या शब्दांत मांडलेले नाही. ग्रंथ क्रमाने वाचताना जाणवलेली ही माझी संगती आहे.

२

बालमजुरीचा प्रश्न निघाला की आपल्याकडे एक उत्तर ठरलेले असते. देश गरीब आहे. गरिबाघरच्या मुलाची कमाई घराला लागते. दारिद्र्य हटेल तेव्हा बालमजुरी हटेल. वीनर यांनी या उत्तराला इतिहासाच्या साहाय्याने आव्हान दिले. शिक्षणाची सक्ती ज्या देशांनी केली ते सर्व त्या वेळी श्रीमंत होते काय? प्रशियात फ्रेडरिकने १७६३ साली शालेय सक्तीचा आदेश काढला, ऑस्ट्रियात मारिया थेरेसाने १७७४ मध्ये. मॅसॅच्युसेट्सने १८५२ साली हजेरी सक्तीची केली, स्कॉटलंडने १८७२ साली, इंग्लंडने १८८० साली. जपानने आधुनिक शाळापद्धतीचा पाया १८७२ मध्ये घातला. यांपैकी कित्येक समाज त्या काळी दरिद्रीच होते. आशियातील दक्षिण कोरिया, तैवान, चीन आणि श्रीलंका यांनीही दरडोई उत्पन्न अल्प असतानाच मुलांना शाळेत आणले. भारतातच केरळाचे उदाहरण आहे. १९९१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ५२ टक्के असताना केरळाची नव्वदीच्या घरात होती, आणि केरळ काही देशातील सर्वांत धनवान राज्य नव्हते.

सक्ती करण्यामागची कारणे देशोदेशी निराळी होती. कोठे प्रत्येकाला धर्मग्रंथ वाचता यावा ही तळमळ होती, कोठे शिस्तबद्ध प्रजा हवी होती, कोठे परकीय सामर्थ्याशी टक्कर द्यावयाची होती. परंतु प्रत्येक ठिकाणी राज्यकर्त्या वर्गाला एक गोष्ट पटली होती, ती म्हणजे सर्व मुलांनी शिकणे राज्याच्या हिताचे आहे. वीनर आणखी एक व्यावहारिक मुद्दा मांडतात. कारखान्यात लपलेले मूल निरीक्षकाला सापडत नाही. शाळेत न आलेले मूल मात्र शिक्षकाच्या हजेरीपटावर त्याच दिवशी दिसते. म्हणून बालमजुरीबंदीचा कायदा शिक्षणसक्तीवाचून लंगडा राहतो.

मग भारतात हे का घडले नाही? तिजोरी रिकामी, पालक नाखूश, मालक प्रबळ, ही तिन्ही कारणे वीनर यांनी अपुरी ठरविली. त्यांच्या मते मूळ कारण आहे ती सुशिक्षित मध्यमवर्गाची श्रद्धा : काहींनी डोक्याने काम करावे आणि काहींनी हातांनी, शिक्षणाने ही विभागणी मोडू नये, उलट टिकवावी. ही श्रद्धा एका पक्षाची किंवा एका विचारसरणीची नाही. उजवे आणि डावे, गांधीवादी आणि आधुनिकतावादी, अधिकारी आणि त्यांचे टीकाकार, सर्वांच्या बोलण्यात ती कमीअधिक प्रमाणात त्यांना आढळली.

हा निष्कर्ष कठोर आहे, आणि परकीयाने काढलेला म्हणून तो अनेकांस झोंबला. तथापि त्याचे मूळ आपल्याच मातीत सापडते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात, रयतेच्या करातून गोळा झालेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार केली होती आणि प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. वरच्यांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या समजुतीवरचा तो प्रहार होता. वीनर यांनी शंभर वर्षांनंतर अधिकाऱ्यांच्या मुलाखतींतून जे काढले, ते जोतीरावांनी अनुभवाने ओळखलेले होते.

३

आता कायद्याच्या भाषेकडे वळू. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ च्या मार्च महिन्यात केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याची मागणी अत्यंत माफक होती. ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथील स्थानिक संस्थेला इच्छा असल्यास, सरकारच्या मंजुरीने, सक्ती सुरू करण्याची मुभा असावी, एवढेच त्यात होते. तरीही सरकारी सभासद आणि काही जमीनदार यांच्या विरोधामुळे मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला. त्यानेही नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभाच दिली.

याच्या उलट उदाहरण संस्थानांचे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. तेथे मुभा नव्हती, आज्ञा होती.

‘करता येईल’ आणि ‘करील’ या दोन क्रियारूपांत भाषाशास्त्राच्या दृष्टीने फरक आहे तो अर्थच्छटेचा. राज्यशास्त्राच्या दृष्टीने तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरक्षरतेचा आहे. स्वातंत्र्यानंतर राज्यांनी केलेल्या बहुतेक शिक्षणसक्तीच्या कायद्यांचे स्वरूप मुभेचेच राहिले, याकडे वीनर यांनी नेमके लक्ष वेधले. कायद्याच्या शीर्षकात ‘सक्ती’ आणि कलमात ‘करता येईल’. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण त्यातील क्रियापद देण्याचे नसून प्रयत्न करण्याचे होते. दहा वर्षे १९६० साली संपली.

१९८६ चा बालमजुरीविषयक कायदा नावातच दुहेरी होता : प्रतिबंध आणि नियमन. काही धोकादायक व्यवसायांत मुलांना मनाई झाली, उरलेल्यांत त्यांच्या कामाचे नियमन झाले, आणि कुटुंबाच्या साहाय्याने चालणारी कार्यशाळा मनाईतून वगळली गेली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने काम करणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक वर्गांची सोय सुचविली. वीनर यांना या दोहोंत एकच गोष्ट दिसली : मूल काम करणारच, हे शासनाने मान्य केले होते.

वीनर यांच्या मुलाखतींत अनेकांनी ‘बालमजुरी’ आणि ‘मुलांचे काम’ असा भेद केला आहे. पहिली शोषण, दुसरे संस्कार. हा भेद केवळ अधिकाऱ्यांचा नाही, तो भाषेत मुरलेला आहे. ऊसतोड मजुरांच्या बोलीतील शब्द जमविण्यासाठी मी काही हंगाम फडांवर हिंडलो आहे. तेथे नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर मिळते. मुलांची गणना या हिशेबात कोठेच नाही. प्रत्यक्षात मुले वाढे गोळा करतात, बैलांना पाणी दाखवितात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. ‘ही काय काम करते?’ असे मी एका बाईला तिच्या दहा वर्षांच्या मुलीविषयी विचारले, तेव्हा ‘काम नाही करत, हाताशी आलीय आता’ असे उत्तर मिळाले. त्या उत्तरात कौतुक होते, आणि ते खरेही होते. पण ‘हाताशी येणे’ या वाक्प्रचारात मूल हे दुसऱ्याच्या हाताचा विस्तार होते. त्याचा स्वतःचा श्रम दिसेनासा होतो.

शिक्षणखात्याच्या भाषेतही असेच घडते. शाळा सोडलेल्या मुलांच्या प्रमाणास ‘गळती’ म्हणतात. गळणे हे अकर्तृक क्रियापद आहे. छप्पर गळते, फळ गळते. कोणी गाळीत नाही. चाळीस मुलांतील पंधरा गळली असे म्हटले की ती कोणी जाऊ दिली, हा प्रश्न व्याकरणानेच मिटतो. त्या बाईचे बोलणे आणि खात्याचे बोलणे यांत अंतर एवढेच की, तिच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता आणि खात्यापुढे होता. म्हणूनच वीनर यांनी दोष पालकांना न देता धोरणकर्त्यांना दिला, हे मला योग्य वाटते.

४

वीनर यांच्या पद्धतीवर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा की, त्यांचे संवाद मुख्यतः शिकलेल्या आणि पदस्थ लोकांशी झाले. परदेशी प्राध्यापकासमोर बोलताना माणूस आपले मत थोडे नीटनेटके करून मांडतो. श्रोत्याप्रमाणे बोलणे बदलते, हा आमच्या शास्त्रातला प्राथमिक पाठ आहे. शिवाय एखादी श्रद्धा बोलण्यात आढळली म्हणजे तीच धोरणाचे कारण, असे लगेच सिद्ध होत नाही. धोरण आधी ठरते आणि त्याचे समर्थन मागाहून सुचते, असेही घडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९९६ साली बिहार, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेश येथे एक पाहणी झाली. ‘प्रोब’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा तिचा अहवाल १९९९ मध्ये, म्हणजे वीनर यांच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्यात दिसून आले की गरीब आईबापांना मुलांचे शिक्षण हवे असते, मुलींचेही. अभाव असतो तो चालू शाळेचा. पाहणीच्या दिवशी सुमारे निम्म्या शाळांत शिकविण्याचे काम चाललेले आढळले नाही. दारिद्र्य हे पुरेसे कारण नव्हे, या वीनर यांच्या मताला या अहवालाने पुष्टीच दिली. पण उपाय म्हणून पालकांवर सक्ती हवी, या मताला मात्र तडा गेला. ज्या शाळेत गुरुजीच येत नाहीत, तेथे न गेल्याबद्दल दंड कोणी कोणास करावयाचा? पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजविलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. मुलाला शाळेकडे आणण्याचा हा मार्ग सक्तीचा नव्हता, तरी उपयुक्त ठरला.

३ जून १९९९ रोजी वीनर यांचे निधन झाले. त्यानंतर २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला; २००९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. या कायद्याच्या नावात ‘सक्तीचे’ हा शब्द आहे; पण त्याची व्याख्या पाहिली तर वीनर यांना अभिप्रेत असलेला अर्थ उलटलेला दिसतो. मुंबई इलाख्याच्या जुन्या कायद्यांत सक्ती पालकावर होती, आणि हुकूम न पाळल्यास दंडाची तरतूद असे. नव्या कायद्यात सक्तीचा अर्थ शासनावरील बंधन असा सांगितला आहे : शाळा देणे, प्रवेश, हजेरी व शिक्षणाची पूर्तता यांची निश्चिती करणे. मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, परंतु त्यासाठी शिक्षा ठेविलेली नाही. एकाच शब्दाने शंभर वर्षांत आपला कर्ता बदलला. वीनर यांच्या निदानाचा आणि प्रोब अहवालाच्या आक्षेपाचा समन्वय या एका व्याख्येत झालेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि समाधान मानण्याचे कारण नाही. १९८१ च्या जनगणनेत काम करणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १ कोटी ३६ लाख होती. २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयोगटात ती सुमारे १ कोटी १ लाख भरली. तीस वर्षांतील ही घट लोकसंख्येची वाढ लक्षात घेता लहान नाही, पण उरलेला आकडाही लहान नाही. २०१६ साली बालमजुरीचा कायदा दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या नोकरीस सर्वच व्यवसायांत मनाई झाली, मात्र शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्यास मोकळीक राहिली. म्हणजे ‘हाताशी आलेली’ मुलगी कायद्याच्या भाषेतही मजूर ठरली नाही.

वीनर यांनी राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेला वारसा माझ्या मते असा आहे. धोरणाचा इतिहास लिहिताना अंदाजपत्रक, मतदान आणि चळवळी पाहाव्यात. पण जेथे चळवळ नाही, मागणी नाही, तेथे संशोधन थांबवू नये. तेथे धोरणकर्ते कोणत्या शब्दांत बोलतात, कोणत्या वाक्यातून कर्ता गाळतात, कोणते क्रियापद मुभेचे आणि कोणते आज्ञेचे वापरतात, हे तपासावे. आपल्या विद्यापीठांतून जिल्हा परिषदांच्या शिक्षण समित्यांची कार्यवृत्ते, शाळांचे हजेरीपट आणि साखरशाळांच्या नोंदी यांचा असा अभ्यास करण्यास भरपूर वाव आहे. ही सामग्री मराठीत आहे, आणि तिचे वाचन राज्यशास्त्र व भाषाशास्त्र या दोन विभागांनी मिळून करावयास हवे. गळती किती झाली हे त्या कागदांत लिहिलेले असतेच. कोणी होऊ दिली, हे आपणांस वाचून काढावे लागेल.